हळदीकुंकवाच्या बायका

आमच्या धंद्यातला पहिला नियम कुठल्याही ब्यूटी पार्लरच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. रस्त्यात गिऱ्हाईक घरच्यांबरोबर दिसलं, तर आपण भाजी बघायची. बाई स्वतःहून हसली तर हसायचं. नाही हसली, तर समोर दुधी असेल तर दुधी निरखायचा. तिच्या ओठावरची लव मी काढते हे सासूला ठाऊक नसतं. केस अजून काळे का आहेत हे नवऱ्याला ठाऊक नसतं. पहिल्याच वर्षी मी आगाशीच्या बाजारात एकीला मोठ्यांदा विचारलं होतं, "काय, फेशियलनंतर पुरळ नाही ना आलं?" तिच्या मागे उभी असलेली सासू सावकाश वळली. ती सून पुन्हा माझ्या पायरीवर दिसली नाही. तेव्हापासून मी भाजी बघते.

माझं पार्लर विरार पश्चिमेला, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तळमजल्याचा फ्लॅट, पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा, मागे एक छोटी खोली, आणि त्यामागे आमचं घर. नव्वदच्या आसपास सुरू केलं तेव्हा इथे पार्लर म्हटलं की लोक नाक मुरडायचे. नंतर इमारती उठल्या, नोकरीवाली बिऱ्हाडं आली, जुन्या वाड्यांमधल्या सुनाही यायला लागल्या, आणि नाक मुरडणाऱ्या बायकाच भुवया कोरून घ्यायला बसू लागल्या.

या अंकासाठी पार्लरमधल्या गमती लिहा, असं मला सांगण्यात आलं. गमती आहेत. एक बाई दर वेळी आधी एकच भुवई करून घ्यायची, आरशात दोन्हींची तुलना करायची आणि मग दुसरीला परवानगी द्यायची. एका नवरीचा मेकअप चालू असताना तिची आत्या "अजून गोरी करा, अजून गोरी करा" म्हणत राहिली, आणि शेवटी नवरीच म्हणाली, "आत्या, पुरे. नवऱ्याने मला आधी बघितलंय." पण पार्लरमधल्या माझ्या वर्षांचा विषय निघाला की मला पहिल्यांदा गमती आठवत नाहीत. एका संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं. तेच लिहिते.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. चरबी विरघळवायच्या इंजेक्शनांची हवा मुंबईतून आमच्याकडे आली होती. दंडाची, हनुवटीखालची, पोटाची चरबी चाकू न लावता जाते, असं बायका एकमेकींना सांगायच्या. एक डॉक्टर मला विचारायला आला. तो दर बुधवारी मुंबईहून येणार, मागची खोली त्याला द्यायची. तो चांगलं बोलायचा, हात धुवायचा, सुई दर बाईला नवी, तिच्या डोळ्यांसमोर पाकीट फोडून. मला आणखी काय हवं होतं? खोली रिकामीच पडली होती, आणि दारावर "डॉक्टर उपलब्ध" अशी पाटी लागली की पार्लरची इज्जत वाढते.

बाहेरच्यांसाठी सांगते. औषध एकाच जागी टोचत नाहीत. बारीक बारीक खूप टोचण्या, बोटभर अंतराने. त्यासाठी पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. सुई नवी असली तरी यंत्राच्या तोंडाशी एक स्टीलची चकती असायची, ती कातडीला टेकायची, आणि ती प्रत्येकीला तीच. ती साफ करण्याचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टर म्हणाला, "वहिनी, उकळून द्या." मी उकळायची. चांगलं खळखळून. स्वच्छतेच्या बाबतीत मला कोणी बोट दाखवू शकत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायची. टॉवेल उन्हात, कंगवे डेटॉलमध्ये, चकती पातेल्यात. शेजारच्या पार्लरवालीला तर मी नावं ठेवायची.

बुधवारच्या बायकांत एक शैलाताई होत्या. आगाशीच्या बागायतदार घरातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. त्या सातिवलीला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करायच्या. वाडीतला सोनचाफा केळीच्या पानात गुंडाळून माझ्यासाठी आणायच्या. मी एक फूल केसांत खोचायची, बाकीची आरशाखाली ठेवायची. त्या स्वतः कधी माळायच्या नाहीत, आणि मीही कधी "घ्या ना" म्हटलं नाही.

त्यांनी दंडाला इंजेक्शनं घ्यायची ठरवलं तेव्हा मला नवल वाटलं आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"कुणाला दाखवायचंय, असंच ना तुमच्या मनात?" त्या म्हणाल्या.

"नाही हो, शैलाताई."

"आरशाला दाखवायचंय. तो बिचारा रोज बघतो."

आम्ही दोघी हसलो. मला त्या बाईचा आदर वाटायचा, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात आदराचा काही उपयोग झाला नाही.

नाताळ होऊन गेल्यावर ग्लोरिया आली. ती आगाशीजवळच्या गावातली, शाळेत शिक्षिका, आणि जीभ अशी की वर्गातली मुलं नक्कीच सरळ बसत असतील. नाताळला बिनबाह्यांचा झगा घालायचा म्हणून तिने दंडाला इंजेक्शनं घेतली होती. आता तिने दार लावून बाही वर केली. दंडावर जांभळट गाठी, जिथे टोचलं होतं बरोबर तिथे, ओळीने. एका गाठीतून पाण्यासारखा पू झिरपत होता.

"घरी सांगितलंय डास चावले," ती म्हणाली. "नवरा म्हणतो, ओळीत चावणारा डास वसईत कधी आला गो?"

"दुखतं का?"

"दुखत नाही, तेच तर. दुखलं असतं तर आधीच आले असते. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, काही फरक नाही. पू तपासला, त्यात काही उगवलं नाही म्हणे."

मी तिला रिक्षात घातलं आणि वसईला त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. साठीच्या आतल्या, पांढरे केस न रंगवलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी गाठी बघितल्या, इंजेक्शनचं सगळं विचारलं, आणि मग मान माझ्याकडे वळवली.

"यंत्राचा कातडीला लागणारा भाग कोण साफ करतं?"

"मी. उकळते." मी ताठ बसून सांगितलं.

"किती वेळ?"

"चांगलं खळखळून, मॅडम. तुमच्याकडे करतात त्याहून जास्तच."

"आणि मग? तसंच गरम उचलता?"

"छे! हात भाजेल. आणि डॉक्टरांना घाई असते. विसण घालते."

आंघोळीचं पाणी कढत असलं की त्यात गार पाणी ओततो, तेच विसण. आपल्या घरात ते कोणी कोणाला शिकवत नाही. हात आपोआप तांब्याकडे जातो. माझाही जायचा.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "विसण कुठल्या पाण्याचं?"

"पिंपातलं."

"पिंपात कुठलं?"

"टँकरचं."

"मग उकळलंत कशाला?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. पाण्यात काही जंतू राहतात, क्षयाच्या जंतूंच्या लांबच्या भावकीतले. पोटात गेले तर बहुधा काही करत नाहीत. पण सुईच्या वाटेने कातडीखाली गेले की तिथे सावकाश घर करतात. काही आठवडे काहीच दिसत नाही, मग गाठी येतात. साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत, आणि साध्या तपासणीत सापडतही नाहीत, कारण ते उगवायला वेळ घेतात. एकीचं दुसरीला होत नाही. पण त्याच पाण्यातून किती जणींना गेलं असेल ते सांगता येत नाही. मॅडमनी ग्लोरियाच्या गाठीचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवला आणि म्हणाल्या, "रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्या सगळ्या मला दाखवा. लवकर सापडलं तर गोळ्यांवर भागेल, डाग कमी राहतील. उशीर झाला तर कापावं लागतं."

घरी आल्यावर मी ते पिंप रिकामं केलं. पाणी मोरीत गेलं. त्याने काय होणार होतं म्हणा. इंजेक्शनवाल्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, पाणी तुमचं. माझ्या औषधात काही नाही." पुढच्या बुधवारी आला नाही, त्यानंतर फोनही उचलला नाही. यंत्र मात्र आधीच्या बुधवारीच घेऊन गेला होता. कुठे वापरलं असेल, देव जाणे.

आता बायकांना कळवायचं कसं? माझं सगळं शहाणपण त्या एका नियमावर उभं होतं, भाजी बघण्याच्या. इंजेक्शनं घेतलेल्या एकीनेही घरी सांगितलं नव्हतं. घरच्या फोनवर सासू, नाहीतर नवरा. "तुमच्या सुनेला गाठी आल्यात का?" असं विचारू? मोबाईल काही जणींकडे होते, पण तेही घरात कुणाच्याही हातात.

ग्लोरियालाच सुचलं. "संक्रांत आली ना तुमची? हळदीकुंकू कर. हळदीकुंकवाला जाते म्हटल्यावर कोण अडवतो?"

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. अगदी सोपं होतं. मॅडम यायला तयार झाल्या. मी बोटांवर बायका मोजल्या, एकेकीला निरोप धाडले, साबणाच्या डब्या वाण म्हणून आणल्या, तिळगूळ केला. बायका नटून आल्या. पुढच्या खोलीत हळदीकुंकू, अत्तर, वाण. मागच्या खोलीत मॅडम. "आत नवीन मशीन आलंय, बघून या," असं सांगून मी एकेकीला आत पाठवत होते. आत गेल्यावर खरं सांगत होते, दाराला पाठ लावून.

कुणी रडली. कुणी मला बोल लावला, आणि तो मी ऐकून घेतला. एक जण ब्लाउजची बटणं काढता काढता म्हणाली, "वहिनी, हळदीकुंकवाला बोलावून ब्लाउज काढायला लावणाऱ्या तुम्हीच पहिल्या." एकीची सासू सोबत आली होती. ती हटूनच बसली, "मला पण दाखवा ते मशीन." शेवटी सासूबाईंना खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या आणि फुकट फेशियल केलं. तेवढ्यात सून तपासून झाली. जाताना सासूबाई म्हणाल्या, "मशीन काही कळलं नाही, पण गार वाटलं."

चार-पाच जणींना गाठी निघाल्या. काहींच्या अगदी बारीक, त्यांना स्वतःलाही कळल्या नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, वेळेवर सापडल्या. संध्याकाळी मी खुर्चीत बसले तेव्हा मला, खरं लिहिते, बरं वाटत होतं. चूक झाली, पण निस्तरली, असं काहीसं.

ग्लोरिया साबणाची डबी उघडून बघत होती. "साबण नाही आत? कंजूस गो तू." मग म्हणाली, "ती चाफेवाली नाही आली?"

मी खुर्चीतून उठले.

मी शैलाताईंना विसरले नव्हते. विसरणं वेगळं. मी बोटांवर बायका मोजल्या तेव्हा त्या बोटावर आल्याच नाहीत. कारण मी आजारी बायका मोजतच नव्हते. हळदीकुंकवाच्या बायका मोजत होते. त्यात कोण येतं आणि कोण येत नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ग्लोरिया ख्रिस्ती, तिचं हळदीकुंकवाशी काय नातं? पण तिचा नवरा जिवंत, त्यामुळे ती सहज आत. विधवेला कुंकू लावू नये वगैरे मी मानत नाही, असं मी किती वेळा खुर्चीतल्या बायकांना सांगितलं असेल. मानत नव्हतेच. हात मात्र तांब्याकडे जावा तसा गेला.

"तिला वेगळं गाठते," मी म्हणाले.

"उद्याच गाठ," ग्लोरिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जाणं झालं नाही. लग्नाच्या ऑर्डरी होत्या. ऑफिसात फोन करावा तर कारखान्यातले लोक विचारणार कोण बोलतंय. आणि खरं म्हणजे तोंड नव्हतं. "सगळ्यांना बोलावलं, तुम्हाला नाही," हे वाक्य सुरू कुठून करायचं? पुढच्या रविवारी आगाशीच्या बाजारात त्या समोर आल्या. बरोबर सासू. थंडी ओसरली होती, तरी कोपराखाली उतरणाऱ्या बाह्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलं पुढे होऊन सासूला नमस्कार केला असता, "आमच्याकडे तिळगुळाला या" म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं? मी भाजी बघितली. वाल होते. अजून आठवतात.

असं एक पाऊल राहिलं की त्याच्यापुढचं जड होतं, आणि आठवडे जातात. गिऱ्हाइकं, वीज, पाणी, मुलांच्या परीक्षा. मी स्वतःला सांगत होते, सगळ्यांना कुठे झालंय? त्यांना नसेलच झालं. झालं असतं तर आल्या असत्या.

होळीनंतर त्या आल्या. हातात चाफा नव्हता. पार्लर रिकामं होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या, मग आत येऊन खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या.

"वहिनी, एक विचारायचं होतं. त्या औषधाने कुणाला काही झालं का हो? कुणी काही बोललं?"

मी दार लावलं. त्यांनी बाही वर केली. मी जखमांना घाबरणारी बाई नाही. पण मी मान वळवली, आणि मग लाज वाटून पुन्हा पाहिलं. गाठी एकमेकींना मिळाल्या होत्या. एका डॉक्टरने गळू समजून दोनदा चिरा दिल्या होत्या. चिरा भरल्या नव्हत्या.

"कधीपासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

"अहो, मग डॉक्टरला इंजेक्शनचं सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? या वयात, नवरा गेलेल्या बाईने दंड बारीक करायला इंजेक्शनं घेतली म्हणून?" त्या सावकाश बोलत होत्या. "मला वाटलं मला एकटीलाच झालंय. बाकी सगळ्या चांगल्या दिसत होत्या. तुमच्याकडे हळदीकुंकू होतं ना, त्या दिवशी मी रिक्षातून इथून गेले. दारात चपलाच चपला. आतून हसण्याचे आवाज. म्हटलं, सगळ्या बऱ्या आहेत. मलाच झालं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

मी त्यांना तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पातेलं, विसण, पिंप, ग्लोरिया, मागच्या खोलीतल्या मॅडम. चपला कशासाठी होत्या ते. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हणजे त्या सगळ्या तपासून घ्यायला आल्या होत्या?"

"हो."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि बाही खाली केली. बटण लागेना, कारण दंड सुजला होता. मी लावायला पुढे झाले. त्यांनी लावू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वसईला गेले. मॅडमनी दंड पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील आणि थोडं कापून काढावंही लागेल. खड्डे राहतील. मग चिडूनच विचारलं, "तुम्ही त्याच बुधवारच्या ना? मग त्या दिवशी पार्लरमध्ये का नाही आलात? इतक्या जणी आल्या. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी तोंड उघडलं होतं. आधी बोलल्या त्या शैलाताई.

"बोलावणं होतं, मॅडम. मलाच जमलं नाही."

मॅडमनी मान हलवली, आपला जीव आपण सांभाळायला नको का, शिकलेल्या बायका तुम्ही, असं बरंच काही त्यांना ऐकवलं. ते माझ्या वाटचं होतं. शैलाताईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून ते त्यांना ऐकू दिलं.

शैलाताई बऱ्या झाल्या. डाव्या दंडावर दोन खड्डे आहेत. त्या अजून येतात, चाफाही आणतात, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. इंजेक्शनं मी पार्लरमधून कायमची घालवली. आता काही उकळलं की झाकून आपोआप गार होऊ देते. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे. संक्रांतीला तिळगुळाला सगळ्यांना बोलावते, हळदीकुंकू म्हणत नाही. शैलाताईंना पहिला निरोप जातो. त्या येतात, वाण घेतात, साबणाची डबी असली तर ग्लोरियासारखीच उघडून बघतात. त्याने मागचं काही भरून निघत नाही, हे मला कळतं, आणि मला वाटतं त्यांनाही कळतं.

मॅडम मागेच वसई सोडून मुलाकडे राहायला गेल्या. हा अंक त्यांच्यापर्यंत पोचेल की नाही, ठाऊक नाही. पोचला तर, मॅडम, त्या दिवशी तुमच्यासमोर जे सांगितलं गेलं आणि मी शेजारी बसून तसंच राहू दिलं, ते खोटं होतं. त्यांना बोलावणं नव्हतं.